नेलिदाचा खांदा

१८ सप्टेंबर, रविवार

नेलिदाला जाऊन आज चाळीस दिवस झाले. दफनभूमीच्या भिंतीतल्या तिच्या कप्प्यावर अजून नुसतं सिमेंट आहे, त्यावर गवंड्याने खिळ्याने ओरखडलेलं नाव. एक नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, अख्खं हाउहा गाव फुलं घेऊन तिथे येतं. त्याच्या आत काळ्या ग्रॅनाइटची फरशी बसली पाहिजे, फरशीवर तिचा फोटो कोरलेला पाहिजे, आणि फोटोत ती एकटी पाहिजे.

कप्पा माझ्या नावावर आहे. दोघी बहिणींसाठी म्हणून मी तो बारा वर्षांपूर्वी घेतला. तेव्हा तो माणूस आमच्यासाठी फक्त पाववाला होता.

मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. काम अंगावर घेतलं की त्याची वही ठेवायची, ही तेव्हाची सवय. म्हणून ही वही.

फोटो शोधण्यात दुपार गेली. ओळखपत्रावरचा: अटक झाल्यासारखा चेहरा. माझ्या निवृत्तीच्या समारंभातला: डोळे मिटलेले. आईच्या पहिल्या स्मृतिदिनाचा: माझ्या मागे अर्धी झाकलेली. आमच्या घरात फोटोसाठी दात दाखवायची पद्धत नव्हती, त्यामुळे कुठल्याच फोटोत ती हसत नाही. हसते ती एकाच फोटोत, आणि तो आमच्या घरातला नाही. तो मारुखाच्या दुकानाच्या काचेत लावलेला आहे, गिऱ्हाईक यावं म्हणून.

२० सप्टेंबर, मंगळवार

मारुखा हिनोस्त्रोसा माझी विद्यार्थिनी. आता पन्नाशीची आहे, फोटो काढते, छापते, लग्नाच्या पत्रिका करते. अपूर्णांक तिला शेवटपर्यंत आले नाहीत.

फोटो तिने वीस जानेवारीच्या उत्सवात काढलेला. नेलिदा चौकात खुर्चीवर बसली आहे, अंगात लेस लावलेला सणाचा पांढरा ब्लाऊज, बाह्या फुगीर, मान एका बाजूला किंचित कललेली. मागे देमेत्रिओ माय्ता उभा, त्याचा हात तिच्या डाव्या खांद्यावर. जणू खुर्चीबरोबर तिलाही उत्सवात भाड्याने आणलं होतं.

"बाई, हा दोघांचा फोटो आहे," मारुखा म्हणाली.

"म्हणून तर आले. एकटीचा कर. मागचं सगळं काढ. फक्त ती."

"ते करतात हो. मागचा भाग पारदर्शक करायचा, म्हणजे दगडावर नुसतं माणूस उमटतं, भोवती दगडाचा काळा रंग." मग तिने हात पुसले आणि म्हणाली, "पण मी नाही करणार."

"का?"

"मी रोज सकाळी देमेत्रिओंकडून पाव घेते. त्यांच्या तोंडाकडे बघून घ्यावा लागतो."

"मग दुसरीकडून घे."

"दुसरीकडचा तुम्ही खाऊन बघा, बाई." ती हसली, मी हसले नाही. तेव्हा ती म्हणाली, "तुम्हीच करा ना. ते कोपऱ्यातलं मशीन सकाळी रिकामं असतं. मी शिकवते. शिकवलं तर पाप लागत नाही."

मला ती शिकवणार! मी म्हटलं, उद्या साडेआठला येईन. ती म्हणाली, दुकान नऊला उघडतं. मी म्हटलं, उद्यापासून साडेआठला.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

तीन दिवस झाले. माउस धरता येतो. दोनदा क्लिक करायचं असतं तिथे माझं बोट विचार करून दुसऱ्यांदा दाबतं, मशीनला तेवढा धीर नसतो.

यात 'जादूची कांडी' नावाचं एक साधन आहे. ज्या रंगावर टेकवाल तो सगळा रंग एकदम जातो. मागचं आकाश पांढुरकं होतं, तिथे टेकवली. आकाश गेलं, ब्लाऊज गेला आणि नेलिदाचे दातही गेले. मारुखा तोंडावर हात ठेवून बाहेर निघून गेली. वर्गातही अशीच करायची.

जिथलं काही जातं तिथे राखाडी-पांढरे बारीक चौकोन येतात, चौकटीच्या वहीसारखे. मी म्हटलं, हे चौकोन दगडावर नकोत मला.

"बाई, ते चौकोन म्हणजे 'इथे काही नाही'."

"काही नाही, तर दाखवतात कशाला?"

"काही नाही हे कळावं म्हणून. मागे जे ठेवाल ते तिथून दिसतं."

शून्यालाही चिन्ह असतं, हे मी हिला सातवीत शिकवलं होतं. मान्य केलं.

कांडी बाद. आता टिंबाटिंबाने कड आखायची, भूमितीत आखतो तशी, आणि आखलेलं आत घेऊन बाहेरचं पुसायचं. हे माझ्या हाताला जमेल.

२९ सप्टेंबर, गुरुवार

माणसाला बातमी कळते ती पाववाल्याच्या दुकानात. आज संध्याकाळी तो दाराशी आला. बाहीवर पीठ, टोपी हातात. मी दार पूर्ण उघडलं नाही.

"मेहुणीबाई."

"मी कुणाची मेहुणी नाही. काय काम आहे?"

"ऐकलं ते खरं का? मला कापताय म्हणे."

"तुम्हाला कापत नाही. तिला मोकळी करते आहे."

त्याने टोपी दुमडली. मग म्हणाला, "फोटो नको माझा. आडनाव पण नको. तिच्या नावाखाली एक ओळ घाला. 'देमेत्रिओ तिला विसरत नाही.' एवढंच."

"काय नात्याने? लग्नाचा कागद दाखवा, ओळ घालते."

"कागद नाही, हे गावाला ठाऊक आहे."

"गावाला ठाऊक आहे तेवढं पुरे की मग. दगडावर कशाला?"

"अहो बाई, मी आहे कुठं मग? घरात तिची चप्पल आहे, कंगवा आहे. ती मेली तेव्हा डॉक्टरनं विचारलं 'नातेवाईक कोण', आणि तुम्ही मला हातानं बाजूला केलंत. पेटीबरोबर मी चौदाव्या रांगेत चाललो. मोजलंय मी."

"पंधराव्यात ठेवायला हवं होतं," मी म्हटलं आणि दार लावलं.

रोज संध्याकाळी नेलिदा त्याच्या दुकानात पाव आणायला जायची, वीस वर्षं. दोन गल्ल्यांचं अंतर. चाळीस मिनिटं लागायची. रांग असते म्हणायची. हा माणूस सरळ असता तर गिऱ्हाइकाला इतका वेळ ताटकळत ठेवलं नसतं.

४ ऑक्टोबर, मंगळवार

केस. सगळ्यात कठीण केस. चेहऱ्याची कड दोन दिवसांत झाली, केसांना पाच गेले. प्रत्येक बट मोठी करून बघावी लागते. तिच्या केसांत इतकं पांढरं होतं हे मला माहीत नव्हतं. घरातून गेली तेव्हा रंगवत असे, मीच रंग आणायचे. तिथे जाऊन सोडून दिलं असणार. त्या घरात कुणी काळजी घेत नव्हतं, हे यावरूनच दिसतं.

देमेत्रिओ माय्ता छातीपासून वर पूर्ण गेला. मागचा बँडही गेला, दोन नाचणारे गेले, एक कुत्रा गेला.

चौकोनांनी माझे डोळे दुखतात, म्हणून मारुखाने फोटोखाली एक पांढरा थर घालून दिला. म्हणाली, "हा फक्त तुमच्या डोळ्यांसाठी. या थराच्या नावापुढे डोळ्याचं चित्र आहे, शेवटी तो डोळा मिटायचा, म्हणजे थर दिसेनासा होतो. विसरू नका." मी विसरत नसते.

आता फक्त हात उरला आहे. माणूस गेला, हात तिथेच. हवेतून येऊन तिच्या खांद्यावर बसलेला.

११ ऑक्टोबर, मंगळवार

मारुखा कागद आणायला वान्कायोला गेली, दुकानाची किल्ली मला देऊन. एकटी होते, ते बरं झालं. आज हात काढला.

ब्लाऊजचा एक धागाही वाया जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून नुसता रबर फिरवला नाही. फोटो इतका मोठा केला की पडद्यावर एका वेळी एकच नख मावायचं. प्रत्येक बोटाची कड आखली, टिंबाला टिंब जोडून. सकाळी नऊला बसले ते दीडला उठले. लेसपाशी बोटांची फार गुंतागुंत होती, तिथे एक तास गेला. पकडच तशी, आडदांड.

कड बंद केली, पुसण्याची कळ दाबली. हात गेला. खाली ब्लाऊज होताच. पांढरा, स्वच्छ, एक सुरकुती नाही. हाताखाली खांदा असणारच, हे कळायला कॉम्प्युटर कशाला लागतो?

पुष्कळ वेळ बघत बसले. मान मात्र जरा जास्तच कललेली वाटते आता. आधी हे जाणवलं नव्हतं. कशाला तरी टेकायला निघाल्यासारखी. उन्हामुळे असेल.

पांढऱ्या थराचा डोळा मिटला, पारदर्शक म्हणून फाइल जतन केली. पडद्यावर चेहराच मोठा करून ठेवला होता. गालाभोवती चौकोन आले, म्हणजे काम झालं. मारुखाला दाखवायची गरज वाटली नाही. तिला बघायचं असतं तर तिने स्वतः केलं असतं.

१९ ऑक्टोबर, बुधवार

कामारेना दगडावर लेझरने कोरून देतो. त्याची ख्याती अशी की तो मेलेल्यांना सुधारतो. गालार्सा मास्तरांना त्याने टाय घातला, ज्यांनी जन्मात टाय घातला नाही. औषधवाल्याच्या आईचा मस काढून टाकला. लेकाने तिला ओळखलं नाही.

मी पेन ड्राइव्ह त्याच्या टेबलावर ठेवला. "हे माझं काम आहे. तीन आठवड्यांचं. यातल्या एका बिंदूलाही तुमची सुधारणा नको."

त्याने फाइल उघडली, चष्मा वर केला. "बाई, काम झकास. केस तर... कुणी केलं? पण इथे खांद्यावर जरा—"

"खांद्यावर आहे ते तसंच हवं."

"तसंच?"

"कामारेना, तसंच म्हणजे तसंच."

त्याने पावतीवर लिहिलं, 'खांद्यावरचा काळा हात आहे तसा ठेवणे', आणि हात तर मी केव्हाच काढला होता, म्हणून त्याची चूक न सुधारता मी सही केली.